सामूहिक टॅटिंग लेसचं प्रदर्शन कसं पाहावं

टॅटिंगची लेस लांबून नुसती नाजूक दिसते. जवळ गेलं की कळतं, ती सगळी गाठींची आहे. शटलवर, म्हणजे हातात मावणाऱ्या छोट्या धोट्यावर गुंडाळलेला दोरा, हाताची बोटं आणि एकच गाठ हजारो वेळा. सामूहिक कामात याच गाठी अनेक जणांनी घातलेल्या असतात, आणि प्रत्येकाच्या हाताची ओढ वेगळी. म्हणून एका व्यक्तीची लेस पाहताना जे निसटलं तरी चालतं, ते इथे निसटू देऊ नये: दोन हातांची कामं एकमेकांना मिळतात ती जागा. या लेखाचा भर जोडांवर आहे. बाकीचं सगळं जोड वाचता यावेत एवढ्यासाठी आहे.

निघण्यापूर्वी

आयोजकांना चार गोष्टी आधी विचाराव्यात. फोटोला परवानगी आहे का, लेस काचेमागे आहे की उघडी टांगलेली, प्रात्यक्षिक कोणत्या वेळी असतं आणि हात लावून पाहण्यासाठी वेगळा नमुना ठेवला आहे का. शेवटचा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत. पण ज्यांना बारीक दिसत नाही त्यांच्यासाठी तो नमुनाच खरं प्रदर्शन असतो. आधी विचारलं तर नमुना नसला तरी अनेकदा तयार करून ठेवतात.

भिंग घेताना मोठ्या आकड्याला भुलू नये. साध्या भिंगातून नीट दिसण्याचं अंतर साधारण २५० मिमी भागिले भिंगाची पट एवढं असतं. १० पट भिंगाला लेसपासून २.५ सेमीवर जावं लागतं, म्हणजे काचेच्या पेटीपुढे किंवा दोरीच्या अडसराबाहेरून त्याचा उपयोग शून्य. ३ पट भिंग ८ सेमीवरून चालतं, शिवाय एकाच वेळी अख्खी रिंग, म्हणजे टाक्यांचं बंद वेटोळं दिसतं. २ ते ३ पटीचं हातभिंग घ्यावं आणि त्याची दोरी मनगटात अडकवावी. गळ्यात लटकवलेलं भिंग वाकल्यावर लेसवर आपटतं.

टिपणासाठी पेन्सिल आणि चौकटीची वही घ्यावी, पेन नको. शाईचा एक ठिपकाही सुती दोऱ्यातून सहजासहजी जात नाही. ओढणी, स्कार्फ, लांब साखळी, नक्षीची अंगठी, बाहीवरची झिप हे सगळं पिकोत अडकतं. पिको म्हणजे दोन गाठींमध्ये मोकळा सोडलेला दोऱ्याचा फास, आणि तो अडकण्यासारखाच असतो. ओढणी खोचून घ्यावी, पिशवी पाठीला न लावता पुढे धरावी. गर्दीत वळताना पाठीवरच्या पिशवीचा धक्का कुठे लागला ते आपल्याला कळतही नाही.

आधी गाठ ओळखा

टॅटिंगचा मूळ टाका म्हणजे डबल स्टिच. एकमेकांच्या उलट दिशेच्या दोन अर्ध्या गाठी शेजारी बसतात आणि त्यांच्या मधून एक सरळ दोरा आरपार जातो. भिंगातून प्रत्येक टाक्याला दोन छोटे उभे पाय आणि त्यांच्या डोक्यावर एक आडवी पट्टी दिसते. ही आडवी पट्टी नीट डोळ्यांत बसवून घ्यावी, पुढची सगळी मोजणी तिच्यावर आहे.

हे टाके आतल्या दोऱ्यावर सरकतात. तो दोरा ओढला की टाक्यांची रांग वळून बंद होते, ती रिंग. बंद न करता दुसऱ्या दोऱ्याने टाके घालत कमान केली की चेन. दोन रंगांचं काम असेल तर हे चटकन कळतं: साध्या कामात रिंगांचा रंग शटलच्या दोऱ्याचा आणि चेनचा रंग गुंडीच्या, म्हणजे दोऱ्याच्या गोळ्यावरून येणाऱ्या दोऱ्याचा.

प्रदर्शनात टॅटिंगच्या शेजारी इतर लेसही ठेवलेल्या असतात आणि पाटीवर नेहमी पुरेसं लिहिलेलं नसतं. क्रोशेत एकातून एक ओढलेल्या फासांची साखळी असते, आतून जाणारा सरकता दोरा नसतो. बॉबिन लेसमध्ये दोरे एकमेकांत पेडलेले किंवा कापडासारखे विणलेले असतात, गाठींच्या रांगा नसतात. यंत्राच्या लेसला जवळून पाहिलं तर एकमेकांवर चढलेले बारीक दोरे आणि किंचित लव दिसते, दोन पायांचा टाका कुठेच सापडत नाही. शटलऐवजी सुईवर केलेलं टॅटिंगही असतं. सुईच्या जाडीवर टाके बसवून मग दोरा आत ओढतात, त्यामुळे टाके थोडे मोठे आणि सैल राहतात, रिंगेचा काठ मऊ दिसतो. त्याला कमी लेखू नये. मात्र एकाच कामात शटल आणि सुई दोन्ही वापरली असतील, तर त्या मोटिफांच्या, म्हणजे नक्षीच्या सुट्या घटकांच्या मापात फरक पडणारच.

पहिला फेरा पाट्या न वाचता

कापडाच्या वस्तूंवर संग्रहालयात साधारण ५० लक्सचा मंद उजेड ठेवतात, कारण उजेडाने दोऱ्याचा रंग उडतो आणि धागा कमजोर होतो. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे स्थिरावायला काही मिनिटं द्यावीत. तेवढ्यात सगळ्या दालनाचा एक फेरा मारावा, पाट्या न वाचता, कुठेही न थांबता. मोबाइलचा टॉर्च लावू नये.

या फेऱ्यात प्रत्येक कामाकडे तीन-चार मीटरवरून पाहावं. लांबून टाके दिसत नाहीत, पण सपाटपणा दिसतो. कुठे काठ पुढे आलाय, कुठे मधला भाग लोंबतोय, कुठे एखादी रांग बाकीच्यांपेक्षा दाट आहे. नंतर भिंगातून या गोष्टी शोधून सापडत नाहीत. वहीत कामाची ढोबळ चौकट काढून त्या जागांवर फुल्या माराव्यात. मग तीन कामं निवडावीत, जास्त नाहीत. टॅटिंग बारकाईने पाहताना डोळे लवकर थकतात, आणि दहा कामं उभ्या उभ्या पाहण्यापेक्षा तीन नीट वाचलेली बरी.

लेस भिंतीपासून थोडी पुढे टांगली असेल तर तिची सावली मागे पडते आणि नक्षी दुप्पट वाटते. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे सरकावं. जे जागचं हलतं ती सावली.

काम कोणत्या पद्धतीने वाटलं होतं

आता पाटी वाचावी. डिझाइन कुणाचं, टाके घालणारे किती, जोडणी कुणी केली, दोऱ्याचा नंबर काय, एवढं तरी तिच्यात असायला हवं. डिझाइन करणारी व्यक्ती आणि हाताने काम करणारी माणसं वेगळी असतात. पाटीवर फक्त पहिलीचं नाव असेल तर आयोजकांना जरूर सांगावं. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक: १० जाड, २० नेहमीच्या वापरातला, ४० बारीक, ८० फारच बारीक.

सामूहिक काम ढोबळपणे चार प्रकारांनी होतं. सगळ्यांनी एकच मोटिफ करायचं आणि ती जोडून मोठा तुकडा करायचा, हा सगळ्यात सरळ दिसणारा आणि माझ्या मते सगळ्यात अवघड प्रकार, कारण फरक लपवायला जागाच नसते. दुसऱ्यात प्रत्येकाने ठरलेल्या मापात आपापलं मोटिफ करायचं आणि ती जाळीवर किंवा कापडावर शिवून बसवायची. तिसऱ्यात एकच काम हातोहात फिरतं, प्रत्येक जण त्यात एक फेरी वाढवतो. चौथ्यात सुटे तुकडे दोऱ्यांवर टांगून मांडणी करतात.

तिसरा प्रकार असेल तर मधून बाहेर जात पाहावं. एक फेरी संपून दुसरी सुरू होते ती जागा शोधावी. तिथे दोरा तोडून नव्याने सुरुवात केलेली असते, किंवा स्प्लिट रिंग असते. ही रिंग दोन शटलने अर्धी अर्धी केलेली असते, त्यामुळे दोरा न तोडता पुढच्या फेरीत जाता येतं. नवा हात सहसा याच जागी येतो. तिथून पुढे पिको एकदम लांब झाले किंवा टाके दाटले, तर माणूस बदलला असं समजायला हरकत नाही.

जोड: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

१९व्या शतकाच्या मध्यापर्यंत रिंगा बहुधा सुटीच करून नंतर सुईने शिवत किंवा बांधत. १८५०च्या सुमारास काम चालू असतानाच पिकोतून दोरा ओढून जोडायची रीत छापील नमुन्यांत आली आणि टॅटिंगचं रूप बदललं. आजच्या सामूहिक कामांत दोन्ही रीती दिसतात, आणि कोणती वापरली ते ओळखता आलं तर काम कसं उभं राहिलं ते कळतं.

दोन मोटिफ जिथे टेकतात तिथे भिंग धरावं. टॅटिंगनेच जोडलं असेल तर एका मोटिफचा पिको दुसऱ्याच्या टाक्यांच्या रांगेत शिरलेला दिसतो, आणि जोड शेजारच्या टाक्यांइतकाच घट्ट बसतो. याचा अर्थ दुसऱ्या मोटिफची शेवटची फेरी घालताना पहिलं मोटिफ त्या व्यक्तीच्या हातात होतं. शिवून जोडलं असेल तर दोन्ही पिको पूर्ण असतात आणि तिसरा, बहुधा बारीक दोरा त्यांच्यातून गेलेला असतो. शिवलेला जोड उसवून खराब मोटिफ बदलता येतं. टॅटिंगचा जोड सोडवायचा तर पिको कापावा लागतो. लांब लांब राहणाऱ्या लोकांनी केलेल्या कामात म्हणूनच शिवण जास्त सापडते, आणि तो निर्णय शहाणपणाचाच असतो.

दोन वेगळ्या रंगांची मोटिफं जोडली असतील तर जोडाच्या जागी एका बाजूला दुसऱ्या रंगाचा ठिपका उमटतो. काळजीपूर्वक काम करणारे तो मागच्या बाजूला ढकलतात. दर्शनी बाजूला काही जोडांवर ठिपका आहे आणि काहींवर नाही, असं दिसलं तर जोडणारे हात किमान दोन होते किंवा सूचना नीट पोचल्या नव्हत्या.

मापाचा हिशेब पाहा. मोटिफ ६० मिमीचं ठरलं आणि एका व्यक्तीच्या घट्ट हाताने ते ५७ मिमी भरलं. एका मोटिफमध्ये ३ मिमी काहीच नाही. पण एका रांगेत तिची २० मोटिफं लागली तर रांग ६० मिमीने, म्हणजे अख्ख्या एका मोटिफने कमी पडते. जोडणाऱ्या व्यक्तीचं कौशल्य इथे लागतं. मोटिफं मापाप्रमाणे वेगळी करून सारख्या मापाची एका रांगेत लावणं, लहान मोटिफांना थोडा लांब जोड-पिको देणं, किंवा ओलं करून टाचण्यांवर ताणून मापाला आणणं, हे तीन मार्ग असतात. तिसरा मार्ग अति वापरला की ओळखू येतं: ताणलेल्या मोटिफचे जोड-पिको टोकदार होतात आणि गोल रिंग लांबट दिसते.

चार गोल मोटिफांच्या मध्ये एक चौकोनी पोकळी उरते. तिथे बहुधा चार रिंगांचं लहानसं भर-मोटिफ बसवलेलं असतं. ही भर-मोटिफं एका रांगेतली सलग पाहावीत. मोठी मोटिफं अनेकांची असली तरी भर-मोटिफं पुष्कळदा एकाच व्यक्तीने जोडताना घातलेली असतात, त्यांचे टाके सारखे निघतात. पाटीवर नाव नसलं तरी जोडणाऱ्या व्यक्तीचा हात तिथे दिसतो.

एक मोटिफ मोजून पाहा

एक मोटिफ निवडून त्याची एकच रिंग मोजावी. रिंगेच्या बुडापासून सुरुवात करून पहिल्या पिकोपर्यंतच्या आडव्या पट्ट्या मोजाव्यात. समजा ५ आल्या. मग पुढच्या पिकोपर्यंत ५, असं करत परत बुडापर्यंत. हे ५-५-५-५ असं लिहितात, आडवी रेघ म्हणजे पिको. जोड झालेला पिकोही पिकोच मोजायचा. बुडाजवळचा पहिला किंवा शेवटचा टाका शेजारच्या चेनखाली दडतो आणि मोजणी एकाने कमी येते, ही नेहमीची चूक. पहिला आणि शेवटचा गट बहुधा सारखा असतो, तसा नसेल तर बूड पुन्हा तपासावं.

मग आकडेमोड करावी. ८ रिंगा प्रत्येकी २० टाक्यांच्या, म्हणजे १६०. ८ चेन प्रत्येकी १२ टाक्यांच्या, म्हणजे ९६. एका मोटिफमध्ये २५६ टाके, आणि १०० मोटिफांच्या कामात २५,६००. प्रत्येक टाका दोन अर्ध्या गाठींचा, म्हणजे ५१,२०० वेळा शटल फिरलं. जोड, टोकं लपवणं, धुणं आणि ताणणं यात धरलेलं नाही. समोरच्या कामापुढे उभं राहून हा हिशेब स्वतः केला की पाटीवरच्या ‘सामूहिक’ या शब्दाचं वजन कळतं.

आता शेजारची चार मोटिफं पाहावीत, फक्त पिकोंसाठी. काही जण पिको नजरेच्या अंदाजाने सोडतात, काही जण पट्टीवर मापून. पट्टीवरचे पिको एका उंचीचे असतात. नजरेचे थोडे खालीवर होतात, पण एका माणसाचे नजरेचे पिको त्याच्याच पद्धतीने खालीवर होतात. तीच लकब दहा मोटिफांपलीकडे पुन्हा दिसली की आनंद होतो.

बिघाड कुठे दिसतात आणि कशामुळे

रिंगेच्या बुडाशी फट राहून ती थेंबासारखी दिसते, तेव्हा रिंग बंद करताना आतला दोरा पूर्ण ओढलेला नसतो. चेनच्या टाक्यांमधून आतला दोरा उघडा दिसतो, तेव्हा टाके एकमेकांना भिडवलेले नसतात. बाहेरच्या फेरीच्या चेन आखूड पडल्या तर मोटिफ वाटीसारखं वळतं, लांब झाल्या तर कडेला झालर येते. लांबून पाहताना काठ पुढे आलेला दिसला होता तो यामुळे. गोल मोटिफमध्ये शेवटची रिंग पहिलीला जोडताना काम योग्य दिशेने दुमडलं नाही तर तो एकच पिको पिळलेला राहतो. हा पीळ म्हणजे चूक असली तरी पाहणाऱ्याला उपयोगाची, कारण मोटिफ कुठे सुरू होऊन कुठे संपलं ते त्यावरून सापडतं.

टोकं लपवलेली जागा शोधणं हा वेगळा छंद होऊ शकतो. टोक सुईने टाक्यांमधून मागे शिवून घेतलं तर तेवढे टाके थोडे जाड दिसतात. नुसतं गाठ मारून कापलं असेल तर धुतल्यावर केसासारखं टोक वर येतं. गोंद लावला असेल तर ती जागा कडक आणि चकचकीत, जुनी असेल तर पिवळट. एकाच नंबरचा पांढरा दोराही वेगवेगळ्या वेळी विकत घेतला तर किंचित वेगळा निघतो, आणि अनेकांच्या कामात हा फरक हमखास दिसतो. तो हाताचा दोष धरू नये.

फोटो

परवानगी असेल तर प्रत्येक कामाचे चार पुरेत: पूर्ण काम, पाव भाग, एक मोटिफ, एक जोड. मोबाइल लेसला समांतर धरावा, नाहीतर गोल मोटिफ अंडाकार येतं. काळ्या कापडावरच्या पांढऱ्या लेसचा फोटो कॅमेरा आपोआप जास्त उजळ करतो आणि टाके पांढऱ्या पट्ट्यात विरघळतात. स्क्रीनवर लेसला बोट लावून उजेड कमी करावा. फ्लॅश नको. टाक्यांची मोजणी लिहून घेतली म्हणजे डिझाइन आपलं झालं असं नाही. स्वतःच्या सरावाला ठीक, पण इतरांना वाटण्यापूर्वी डिझाइन करणाऱ्यांना विचारावं.

प्रात्यक्षिकाच्या टेबलापाशी

समोर उभं न राहता करणाऱ्याच्या खांद्यामागून पाहावं, म्हणजे हात आपल्याच दिशेने दिसतात. शटल एका रंगाचं आणि गुंडी दुसऱ्या रंगाची घेऊन एक चेन हळू करून दाखवायला सांगावं. पाहायचा क्षण एकच आहे. शटलचा दोरा हातावरच्या दोऱ्याभोवती गाठ घालतो, मग हातावरचा दोरा सैल सोडून शटलचा दोरा ताणला जातो आणि गाठ एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. नीट उलटलेली गाठ गुंडीच्या रंगाची दिसते आणि सरकते. शटलच्या रंगाची दिसली तर ती उलटली नाही, ती जागीच आवळते. हेच रिंगेत झालं तर रिंग बंद होत नाही. स्वतः करून पाहायला मिळालं तर १० नंबरचा किंवा त्याहून जाड दोरा मागावा आणि प्रत्येक टाक्यानंतर तो सरकवून पाहावा.

तिथेच प्रश्न विचारावेत. ‘किती वेळ लागला?’ याचं उत्तर सगळ्यांना हवं असतं, पण त्यातून फारसं कळत नाही. सगळ्यांचं माप सारखं यावं म्हणून सुरुवातीला काय केलं, न बसणाऱ्या मोटिफांचं काय झालं, जोडताना कोणता भाग उसवावा लागला, धुण्याआधी जोडलं की धुतल्यानंतर, हे प्रश्न विचारले की करणारी माणसं मोकळी होतात.

मोटिफ पाठवायचं असेल तर

काही प्रदर्शनांत पुढच्या कामासाठी मोटिफं मागतात. त्यांनी सांगितलेलाच दोरा आणि नंबर घ्यावा, घरात आहे तो ‘जवळपास तसाच’ दोरा नको. आधी एक नमुना करून तो ओला करावा, टाचण्या लावून वाळवावा आणि मग मोजावा. हातातून नुकतं उतरलेलं माप खरं नसतं. टाचण्या न गंजणाऱ्या स्टीलच्या हव्यात. माप कमी आलं तर टाक्यांची संख्या बदलू नये, नाहीतर जोड-पिकोंच्या जागा चुकतात. हात थोडा सैल ठेवून दुसरा नमुना करावा. बाहेरच्या कडेचे पिको जोडणीसाठी असतात, ते सांगितलेल्या उंचीचेच ठेवावेत, शोभेसाठी वाढवू नयेत. टोकं स्वतः लपवायची की जोडणाऱ्यांसाठी सोडायची ते विचारून घ्यावं. सोडायची असतील तर १५ सेमी तरी ठेवावीत, सुईत ओवायला आखूड टोक पुरत नाही. मोटिफ कागदावर दोन टाक्यांनी सैल शिवून, कागदावर नाव, दोऱ्याचा नंबर आणि वाळल्यानंतरचं माप पेन्सिलने लिहून सपाट पाकिटात पाठवावं.